तरती जाळी व दोर : परिरक्षण व निगा (रत्नागिरी किनारा)

मासेमारीची जाळी, गळाच्या दोऱ्या व त्यांना जोडलेले दोर पाण्यात कुजू नयेत, पाणी शोषून जड होऊ नयेत आणि ठरलेल्या खोलीवर राहावेत म्हणून त्यांवर ज्या प्रक्रिया करण्यात येतात व त्यांची जी निगा राखण्यात येते, त्यांचा या विषयात समावेश होतो. कुजणे व बुडणे हे दोन वेगळे दोष असले, तरी वनस्पतिज तंतूंच्या बाबतीत ते एकमेकांशी निगडित असतात. तंतूंमधील पोकळ्यांत पाणी शिरले की, सूत जड होते आणि ते दीर्घकाळ ओले राहिले की, सूक्ष्मजंतूंची वाढ होऊन ते कुजू लागते. शिवाय एका दोषावरील उपाय दुसऱ्या दोषात भर घालू शकतो. डांबर दिलेले जाळे अधिक काळ टिकते, परंतु ते जड व ताठ होते आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ धरून ठेवणे अवघड जाते. टिकाऊपणा व हलकेपणा यांचा मेळ घालण्याची गरज हे रत्नागिरी किनाऱ्यावरील परंपरागत पद्धतींचे मुख्य सूत्र होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम तंतू प्रचारात आल्यावर हा पेच बहुतांशी सुटला. मात्र न कुजणाऱ्या जाळ्याचे काय करावयाचे, हा नवा प्रश्न त्यातून उद्‌भवला.

प्रदेश व जाळी : रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा उत्तरेस बाणकोटच्या खाडीपासून दक्षिणेस विजयदुर्गच्या खाडीपर्यंत पसरलेला आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी मालवण व वेंगुर्ले यांसह गोव्याच्या हद्दीपर्यंतचा किनारा याच जिल्ह्यात मोडत असे. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी इ. नद्यांच्या खाड्यांनी हा किनारा दंतुर झाला असून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी शहरानजीकचा मिरकरवाडा व राजापूर तालुक्यातील साखरी नाटे ही मासेमारीची प्रमुख केंद्रे आहेत. खारवी, कोळी, दालदी, गाबीत, भोई, भंडारी इ. समाजांतील लोक या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील रत्नागिरी व सावंतवाडी यांवरील खंडात या किनाऱ्यावरील मच्छीमारांची माहिती आढळते.

पाण्यातील स्थानानुसार येथील जाळ्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील जाळी पृष्ठभागाजवळ पडद्याप्रमाणे लोंबती राहून प्रवाहाबरोबर वाहत जातात. दुसऱ्या वर्गात रापणीसारखी किनाऱ्याकडे ओढावयाची जाळी येतात. त्यांची वरची कड पाण्यावर व खालची कड तळाशी असावी लागते. तिसऱ्या वर्गातील जाळी तळालगत ठेवण्यात येतात. पागासारखे फेकजाळे झपाट्याने बुडणे इष्ट असते. त्यामुळे जाळे ‘चांगले’ असणे म्हणजे केवळ ते तरंगणे नव्हे, तर त्याचा प्रत्येक भाग योग्य त्या पातळीवर राहणे होय. गळांची लांब दोरी (खांदा) वापरतानाही हेच तत्त्व लागू पडते. मुख्य दोरी इष्ट खोलीवर राहावी म्हणून तिला ठरावीक अंतरावर बोये बांधतात.

तरंगण्याचे तत्त्व : समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (वि. गु.) सु. १·०२५ असते. त्याहून अधिक वि. गु. असलेला तंतू पाण्यात बुडतो व कमी असलेला तरंगतो. कापसाच्या तंतूचे वि. गु. सु. १·५४, पॉलिएस्टराचे १·३८, नायलॉनचे १·१४, पॉलिएथिलिनाचे ०·९५ व पॉलिप्रोपिलिनाचे ०·९१ आहे. यावरून हिशेब केल्यास १ किग्रॅ. सुताचा समुद्राच्या पाण्यातील भार सु. ३३५ ग्रॅ., तर तेवढ्याच नायलॉनचा सु. १०० ग्रॅ. भरतो. याउलट १ किग्रॅ. पॉलिएथिलीन पाण्यात धरून ठेवण्यास सु. ८० ग्रॅ. व तेवढेच पॉलिप्रोपिलीन धरून ठेवण्यास सु. १२५ ग्रॅ. भार वरून द्यावा लागतो.

कोरडे सुती जाळे पाण्यात टाकताच काही काळ वर राहते, ते त्याच्या पिळांत अडकलेल्या हवेमुळे. ही हवा निघून जाऊन तिची जागा पाण्याने घेतली की, तंतूचे मूळ वि. गु. प्रभावी ठरते. म्हणून जाळ्याच्या वरच्या दोराला बोये व खालच्या दोराला शिशाचे, दगडाचे किंवा भाजलेल्या मातीचे भार बांधून जाळे पाण्यात ताणलेले ठेवतात. बोयांची एकूण उचल ही जाळे, दोर व भार यांच्या पाण्यातील एकूण वजनापेक्षा किती जास्त असावी, हे जाळ्याच्या प्रकारावर अवलंबून असते. पृष्ठभागावरील जाळ्यात ती पुरेशी अधिक ठेवतात, कारण मासे अडकल्यावर त्यांच्या धडपडीने वरचा दोर खाली ओढला जातो. तळाच्या जाळ्यात ती मुद्दाम कमी ठेवतात.

परंपरागत तंतू : ताग (सण), कापूस व काथ्या हे या किनाऱ्यावरील जाळी व दोर यांचे तीन मुख्य वनस्पतिज तंतू होत. तागाचा तंतू लांब व बळकट असून ओलसरपणात त्याचा टिकाव बरा लागतो. त्यामुळे मोठ्या आसाची जाळी व दोर यांसाठी तो वापरीत. तंतू सोडविणे, सूत कातणे, त्याला पीळ देणे व जाळे विणणे ही कामे कुटुंबातील स्त्री-पुरुष वाटून घेत. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. त्यानंतरच्या काळात एकसारख्या जाडीचे गिरणीचे सूत मिळू लागल्याने बारीक आसाची सुती जाळी वाढली. या गिरण्यांतील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या लोकांचे प्रमाण मोठे होते. घरचे सूत मागे पडून बाजारचे सूत आल्यामुळे जाळे विणण्याचे श्रम कमी झाले, परंतु जाळ्यासाठी रोख पैसा लागू लागला. सूत विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज जाळे कुजण्यापूर्वी फिटणे आवश्यक असल्याने परिरक्षणाला प्रत्यक्ष आर्थिक महत्त्व प्राप्त झाले.

नारळाच्या सोडणापासून मिळणारा काथ्या या दोहोंपेक्षा वेगळ्या गुणांचा आहे. सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात अनेक महिने कुजवत ठेवून व नंतर कुटून त्याचा तंतू मोकळा करतात. या तंतूत लिग्निनाचे प्रमाण जास्त असल्याने तो खाऱ्या पाण्यात सहसा कुजत नाही. त्याच्या पोकळ पेशींमध्ये हवा राहत असल्यामुळे काथ्याचा दोर बराच काळ पाण्यावर तरंगतो. तो खरखरीत असल्याने जाळे विणण्यास निरुपयोगी असतो. परंतु जाळ्याच्या वरच्या कडेचे दोर, ओढदोर व होड्यांचे नांगरदोर यांसाठी तो उत्तम ठरला. रापणीचे लांब ओढदोर तळाशी रुतून न बसणे ही काथ्याची मोठी सोय होती.

कुजणे व साल देणे : कापूस व ताग यांचा मुख्य घटक सेल्युलोज हा असून पाण्यातील व वाळूतील काही सूक्ष्मजंतू व कवके त्याचे विघटन करतात. उष्ण पाण्यात ही क्रिया जलद होते. त्यामुळे थंड प्रदेशात बराच काळ टिकणारे प्रक्रियाविरहित सुती जाळे कोकणच्या समुद्रात काही आठवड्यांतच दुबळे होते. माशांचा बुळबुळीत स्राव, खवले व जेलीमाशांचे अवशेष जाळ्यात राहिल्यास किंवा ओले जाळे ढीग करून ठेवल्यास ते आतून तापते व क्रिया आणखी वेगाने घडते.

यावरील सर्वांत जुना व व्यापक उपाय म्हणजे टॅनीनयुक्त सालींच्या काढ्यात जाळे भिजविणे हा होय. कोकणात यासाठी ऐनाच्या सालीचा विशेष वापर होई. रत्नागिरी जिल्ह्यात ऐनाची झाडे डोंगरउतारावरील वरकस जमिनींत विपुल असत. त्यांच्या फांद्या भातशेतीच्या राबासाठी तोडण्यात येत. खैराच्या लाकडापासून मिळणारा कात हाही उत्तम टॅनीनयुक्त पदार्थ असून चिपळूण तालुक्यात त्याचे उत्पादन होते. खाड्यांच्या काठच्या कांदळाच्या सालीतही टॅनिनाचे प्रमाण बरेच असते.

साल कुटून पाण्यात उकळतात व लालसर तपकिरी काढा तयार झाल्यावर तो थोडा निवू देतात. उकळत्या काढ्यात जाळे टाकल्यास सूत आकसते व गाठी कडक होतात. थंड काढा तंतूत पुरेसा मुरत नाही. म्हणून कोमट काढ्यात जाळे रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वाळूवर किंवा काठ्यांवर पसरून वाळवितात. या कामासाठी लोखंडी भांडे टाळणे श्रेयस्कर असते. कारण टॅनीन व लोह यांच्या संयोगाने काळे संयुग बनते आणि लोहाच्या सान्निध्यात सेल्युलोजाचा ऱ्हास जलद होतो. टॅनीन तंतूवर पातळ थर देते व सूक्ष्मजंतूंना रोखते. जाळ्याच्या वजनात त्यामुळे फारशी भर पडत नाही व सूत लवचिक राहते. तपकिरी रंगामुळे जाळे पाण्यात पांढऱ्या सुताइतके उठून दिसत नाही, हा आणखी एक लाभ होय.

या पद्धतीचा मुख्य दोष असा की, टॅनीन पाण्यात विद्राव्य असल्याने ते हळूहळू धुऊन जाते. म्हणून हंगामात ही प्रक्रिया पुनःपुन्हा करावी लागे. टॅनीन तंतूत पक्के करण्यासाठी मोरचूद व अमोनिया यांच्या किंवा पोटॅशियम डायक्रोमेटाच्या विद्रावात जाळे बुडविण्याच्या पद्धती यूरोपात विकसित झाल्या. मोरचुदातील तांबे सूक्ष्मजंतूंना विषारी असल्याने त्याचा दुहेरी उपयोग होतो. कोचीन येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रविज्ञान संस्थेत भारतीय पाण्यातील सुती जाळ्यांचे कुजणे व त्यांचे परिरक्षण यांवर पद्धतशीर संशोधन करण्यात आले. तथापि या संशोधनाचे निष्कर्ष किनाऱ्यावर पोहोचत असतानाच सुती जाळ्यांचा काळ मावळू लागला होता.

डांबर व तेले : दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबराचा थर तंतूभोवती बसून पाणी व सूक्ष्मजंतू या दोहोंना अडवितो. टिकाऊपणाच्या दृष्टीने डांबर टॅनिनापेक्षा सरस ठरते. परंतु त्याने जाळ्याचे वजन बरेच वाढते, सूत ताठ होते आणि उन्हात ते चिकटते. जोरदार प्रवाहात खुंटांना बांधून ठेवावयाच्या डोल जाळ्यांना, तळाच्या दोरांना व नांगरदोरांना हे दोष बाधत नाहीत. काही वेळा जडपणा उपकारकच ठरतो. पृष्ठभागावर लोंबत्या राहणाऱ्या जाळ्याला मात्र मासा कल्ल्याशी अडकण्यासाठी मऊ व सैल सूत आवश्यक असते, त्यामुळे तेथे डांबर अयोग्य ठरते. यातूनच वरच्या जाळ्याला साल व तळाच्या सामग्रीला डांबर अशी विभागणी सोयीची ठरली. काजूच्या टरफलांपासून मिळणाऱ्या दाहक तेलाचा परिरक्षक म्हणून पश्चिम किनाऱ्यावर उपयोग करण्यात येतो. हे तेल त्वचेला भाजते, म्हणून ते हाताळताना काळजी घ्यावी लागते.

बोये : जाळ्याचे तरणे शेवटी बोयांवर अवलंबून असते. पांगारा, सावर यांसारखी हलकी लाकडे व सुकविलेले भोपळे हे परंपरागत बोये होत. यूरोपात बुचाच्या झाडाची साल व एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नॉर्वेत पोकळ काचेचे गोळे वापरात आले. लाकडी बोयाची उणीव ही की, तो हळूहळू पाणी शोषतो. समजा, १ लिटर घनफळाच्या बोयाचे वि. गु. कोरडेपणी ०·३ आहे. तर त्याची उचल सु. ७२५ ग्रॅ. असते. पाणी शोषून वि. गु. ०·६ झाले की, ती सु. ४२५ ग्रॅ. उरते. बोया अजून तरंगताना दिसत असतो, परंतु त्याची उचल बरीच घटलेली असते. म्हणून लाकूड पूर्ण वाळवून, कडा गोल करून त्याला तेल किंवा डांबर लावीत आणि बोयांच्या दोन संचांपैकी एक आळीपाळीने वाळवीत ठेवणे हिताचे असे. जाळ्याला बाधक ठरणारे डांबर बोयाला मात्र उपकारक असते, कारण येथे थोड्या वजनाच्या मोबदल्यात पाणी आत शिरणे थांबते.

रापणीतील सामुदायिक जबाबदारी : बोये व सूत यांच्या निगेचे सामाजिक महत्त्व रापणीत विशेष स्पष्ट होते. रापण हे अनेक तुकडे एकमेकांना जोडून तयार केलेले प्रचंड लांबीचे जाळे असून त्याचे तुकडे वेगवेगळ्या भागीदारांच्या मालकीचे असत. होडीतून अर्धवर्तुळाकार टाकलेले जाळे दोन्ही टोकांकडून पुष्कळ माणसे किनाऱ्यावर ओढतात व आलेल्या मासळीची ठरलेल्या वाट्यांनी विभागणी होते. अशा जाळ्याची उपयुक्तता त्याच्या सर्वांत दुबळ्या तुकड्याइतकीच असते. एका तुकड्याचे सूत कुजलेले असल्यास बांगड्याचा किंवा तारलीचा सापडलेला थवा तेथून फुटून निघतो. एका तुकड्याचे बोये पाण्याने जड झालेले असल्यास तेथे वरचा दोर खाली जातो व मासे त्यावरून निसटतात. एकाच्या हलगर्जीपणाचा तोटा साऱ्यांना सोसावा लागत असल्यामुळे जाळ्याची निगा ही खाजगी बाब राहत नसे. पावसाळ्यात समुद्र बंद असताना जाळी उकलून तपासणे, दुरुस्त करणे व नव्याने साल देणे आणि नारळी पौर्णिमेनंतर ती समुद्रात नेणे, असा कामाचा वार्षिक क्रम त्यातून निश्चित झाला.

गळाची तरती दोरी : तरंगण्याचा हाच प्रश्न हौशी गळकरांपुढेही निराळ्या रूपात उभा राहिला. इंग्लंडातील नद्यांत ट्राउट मासे पकडण्यासाठी कृत्रिम माशी पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद टाकण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ मध्ये तरंगत्या माशांवरील ग्रंथ लिहून तिला शास्त्रीय स्वरूप दिले. माशी तरंगण्यासाठी तिच्यामागील दोरीही तरंगणे आवश्यक असते. आरंभी घोड्याच्या केसांची व पुढे विणलेल्या रेशमाची दोरी वापरीत. रेशीम पाण्याहून जड असल्याने त्यात जवसाचे तेल मुरवून ते सुकवीत व त्यावर चरबी किंवा मेण चोळीत. अशी दोरी तिच्या हलकेपणामुळे नव्हे, तर पाण्याने न भिजल्यामुळे पृष्ठताणाच्या आधाराने वर राहते. काही तासांनी चरबी निघून गेली की, ती बुडू लागते. म्हणून प्रत्येक वापरानंतर ती चाकावरून उकलून वाळवावी व पुन्हा चरबी लावावी लागे.

भारतातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ही हौस येथे आणली. दक्षिण कॅनरा जिल्ह्यात अधिकारी असलेल्या हेन्री सलिव्हन टॉमस यांचा भारतातील गळाच्या मासेमारीवरील प्रसिद्ध ग्रंथ १८७३ मध्ये मंगळूर येथे निघाला. उष्ण व दमट हवेत तेल दिलेली रेशमी दोरी चिकट होते व गुंडाळून ठेवल्यास एकमेकीस चिकटून खराब होते. १९५० च्या सुमारास अमेरिकेत नायलॉनच्या गाभ्यावर पॉलिव्हिनिल क्लोराइडाचा थर देऊन त्या थरात हवेचे किंवा काचेचे सूक्ष्म पोकळ गोलक मिसळण्याची पद्धत निघाली. हीत दोरीचे वि. गु.च पाण्यापेक्षा कमी होत असल्याने चरबीची आवश्यकता उरत नाही. आता अशा दोरीची निगा म्हणजे गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन तिच्यावरील शेवाळ व मळ काढणे एवढीच असते. कीटकनाशक मलमे, पेट्रोल व तीव्र ऊन यांनी तिचा थर खराब होतो. रत्नागिरीची रापण व इंग्लंडमधील रेशमी दोरी यांच्यात वरकरणी साम्य नसले, तरी दोन्हींची निगा ‘धुणे, वाळविणे व पुन्हा लेप देणे’ या एकाच चक्रावर आधारलेली होती आणि दोन्हीकडे हे चक्र कृत्रिम बहुवारिकांनी मोडले.

कृत्रिम तंतू : नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ मध्ये लागला. केरळात १९५३ मध्ये सुरू झालेल्या भारत–नॉर्वे प्रकल्पामुळे यांत्रिक नौका व नायलॉनची जाळी यांच्या प्रसारास चालना मिळाली आणि पुढील दोन दशकांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही ही जाळी सर्वत्र झाली. त्यांच्या खरेदीसाठी सहकारी संस्थांमार्फत शासकीय साहाय्य मिळू लागले. रत्नागिरी येथे १९५८ मध्ये सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले व १९८१ मध्ये शिरगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. पूर्वी घरातून घरात चालत आलेले जाळ्यांचे ज्ञान त्यामुळे अभ्यासक्रमाचाही विषय बनले.

नायलॉन सूक्ष्मजंतूंमुळे कुजत नाही व सुतापेक्षा बरेच बळकट असते, त्यामुळे तेच काम बारीक दोऱ्याने होते. पाण्यातील भार सुताच्या एक-तृतीयांशाहून कमी असल्याने जुन्या जाळ्याचे बोये नव्या जाळ्याला तसेच बांधल्यास उचल प्रमाणाबाहेर वाढते; बोये व भार यांचा हिशेब नव्याने करावा लागतो. नायलॉनचा दोरा गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकते. म्हणून दुहेरी गाठ मारतात किंवा उष्णतेने गाठी पक्क्या करतात. एकपदरी पारदर्शक नायलॉनला किनाऱ्यावर तंगूस म्हणतात. गळ व गिल जाळी यांसाठी ते फार लोकप्रिय झाले. पॉलिएथिलिनाचे दोरे ट्रॉल जाळ्यांसाठी, तर पॉलिप्रोपिलिनाचे दोर काथ्याच्या जागी आले. लाकडी बोयांची जागा प्लॅस्टिकच्या पोकळ व सच्छिद्र बोयांनी घेतली. लहान मच्छीमार थर्मोकोलचे तुकडे व टाकाऊ रबरी चपलांचे तळही बोये म्हणून वापरतात. सच्छिद्र बोया बंद पोकळ्यांचा असल्याने पाणी शोषत नाही, परंतु खोल पाण्यात तो दाबाने आक्रसतो व त्याची उचल घटते.

निगेचे नियमही पालटले. सुती जाळ्याला ऊन हितकारक होते. नायलॉनचे मात्र सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी विघटन होते. त्यामुळे किनाऱ्यावर दिवसेंदिवस पसरून ठेवण्याची जुनी सवय नव्या जाळ्याला अपायकारक ठरते. ते गोड्या पाण्याने धुऊन, मीठ व वाळू काढून सावलीत वाळवावे व झाकून ठेवावे लागते. खडकांवरील घर्षण, खेकड्यांनी केलेले छेद व उंदीर यांपासून त्याचे रक्षण करावे लागते. साल देण्याचे काम नाहीसे झाल्याने मासेमारीचे दिवस वाढले व मोठ्या आकाराची जाळी शक्य झाली. पर्ससीन जाळे हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या प्रसारामुळे रापणकर व इतर परंपरागत मच्छीमारांशी संघर्ष निर्माण झाला आणि महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशान्वये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले.

न कुजणारे जाळे : सुती जाळे समुद्रात हरवल्यास मालकाचे नुकसान होई, परंतु काही महिन्यांत ते नाहीसे होत असे. हरवलेले नायलॉनचे जाळे मात्र वर्षानुवर्षे टिकते. बोयांमुळे ते उभे राहून मासे पकडीत राहते, अडकलेल्या माशांच्या भाराने तळाशी जाते व ते कुजून गेल्यावर पुन्हा वर येऊ शकते. अशा बेवारस जाळ्यांत सागरी कासवेही सापडतात. मंडणगड तालुक्यातील वेळास व जिल्ह्यातील इतर काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात, त्यामुळे हा प्रश्न या जिल्ह्यास जवळचा आहे. चालू जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. फाटलेली जाळी समुद्रात न टाकता बंदरावर आणणे, बोयांवर नौकेची खूण असणे व हरवलेली जाळी शोधून काढणे हे आता निगेचेच भाग मानावे लागतात.

या संदर्भात सुती दोऱ्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. अमेरिकेतील अलास्का राज्यात खेकड्यांच्या सापळ्याचा एक भाग प्रक्रिया न केलेल्या सुती दोऱ्याने शिवण्याचा नियम आहे. सापळा हरवल्यास हा दोरा कुजतो, शिवण उसवते व आतील प्राण्यांना बाहेर पडण्यास वाट मिळते. सापळा वापरात असेपर्यंत मात्र तो दोरा वेळच्या वेळी बदलावा लागतो. कोकणच्या किनाऱ्यावर ऐनाच्या सालीचा काढा करून ज्या कुजण्याला पिढ्यान्‌पिढ्या रोखण्यात आले, त्याच कुजण्याचा येथे संरक्षक उपाय म्हणून उपयोग करण्यात आला आहे.